खांबाआड खांब

माझ्या भावाचा सगळा जन्म लोकांच्या पायाशी गेला. यात मानापमानाचं काही नाही, कामच तसं. बाजारातल्या बुटांच्या दुकानात तो विक्रीला आहे. गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, दादा समोरच्या बुटक्या स्टुलावर. पाय हातात घ्यायचा, टाच बसवायची, अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघायचं आणि 'चालून बघा' म्हणायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र काळी पँट, काळा शर्ट, हातात झेंडा, आणि मैदानाच्या कडेने पळत पुन्हा लोकांचे पायच बघायचे. तो फुटबॉलचा लाइनमन. नव्या ओळखीच्या लोकांना वाटायचं, वीज खात्यात आहे. घरचा फ्यूज उडाला की त्याला बोलवायचे. आणि हा शहाणा जाऊन बसवूनही द्यायचा.

मी त्याची धाकटी बहीण. माझी तऱ्हा आणखी वेगळी, माझं घरच लोकांच्या पायाखाली आहे. आमचे हे मैदानाचे माळी. गवत कापणं, पाणी मारणं, खड्डे बुजवणं आणि सामन्याआधी पांढऱ्या फक्कीने मैदान आखणं हे ह्यांचं काम. नोकरीबरोबर मिळालेली खोली प्रेक्षकांच्या गॅलरीखाली आहे, त्यामुळे आमचं छत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातं. ओट्यापाशी ताठ उभं राहता येतं, कपाटापाशी वाकावं लागतं, आणि अंथरुणाकडे चक्क रांगत जावं लागतं. वर माणसं नाचली की माझ्या चहात सिमेंटची भुकटी पडते. गोल झाला हे मला त्यावरून कळतं. बघायला बाहेर जायची सोय नसते, कारण फाटलेल्या जाळ्या शिवायचं काम माझ्याकडे असतं आणि ते कधी संपत नाही.

लग्न दादानेच जमवलं. वडील नव्हते, तेव्हा सगळं त्याच्यावरच होतं. मी विचारलं, "मुलगा कसा आहे?" तर म्हणाला, "ठमे, रेघ सरळ मारतो. माणूसही सरळच असणार." मला लहानपणापासून तो ठमीच म्हणतो. रेघेवरून नवरा निवडलेली बाई जगात मी एकटीच असेन. तेव्हा मी हसले होते.

रेघ हे दादाचं वेडच. वहिनीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नानंतर तिला समजवायला त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने जाड पट्टा ओढला आणि त्यावर बटाटा ठेवला. "रेघ कोणाची?" वहिनी म्हणाली, "तुमची. तुम्हीच काढली, तुम्हीच पुसा." दादा म्हणाला, "रेघ मैदानाची. बटाट्याची कड जरी रेघेच्या वर असली तरी बटाटा मैदानात. सगळा बटाटा सगळ्या रेघेच्या पलीकडे गेला, तरच गोल. नुसता टेकला, अर्धा गेला, पाऊण गेला, त्याला काही अर्थ नाही." मग तिने बटाटा उचलून रश्शात टाकला आणि म्हणाली, "हा सगळा पलीकडे गेला." पण त्याचा झेंडा तिनेच शिवला, कापड दुहेरी घेऊन, आणि दर सामन्याआधी काळा शर्ट तीच इस्त्री करायची.

आमचं आडनाव काटे, पण मैदानावर त्याला काटा म्हणायचे. तराजूचा काटा. एकदा गोलसमोरच्या चौकटीच्या रेघेवर एकाने दुसऱ्याला पाडलं. पाडणाऱ्याचे सगळे सोबती ओरडायला लागले, की चौकटीच्या बाहेर झालं, पेनल्टी नाही. दादा झेंडा घेऊन उभा. "चौकटीची रेघ चौकटीची. रेघेवर पाडलं म्हणजे आत पाडलं." त्याचा शर्ट फाटला, कानामागे कोणाची तरी चप्पल बसली, पण झेंडा खाली आला नाही. घरी आल्यावर वहिनी शर्ट टाचत होती आणि शिव्या देत होती. हा मात्र खुशीत. "एक सुद्धा म्हणाला नाही की काटा खोटं बोलतोय," म्हणे. "रागावले, पण खोटा नाही म्हणाले."

त्याला एकच हवं होतं. राज्याच्या पंचांत निवड व्हावी आणि खिशावर तो बिल्ला लागावा. शिकलेल्या, ओळखीपाळखीच्या लोकांची निवड होत राहिली आणि दादाचं वय सरत आलं. मग ते वर्ष आलं. वयाच्या अटीप्रमाणे शेवटचं, आणि नेमकं त्याच वर्षी इथल्या फुटबॉल संघटनेने त्याचं नाव वर पाठवलं. संघटनेचे सेक्रेटरी त्याला म्हणाले, "काटे, अंतिम सामना नीट पार पाडा. वरचे लोक बघायला येणार आहेत. बिल्ला तुमचाच." वहिनीने नवा शर्ट शिवला आणि बिल्ल्यासाठी खिसा जरा रुंद ठेवला. आता वाटतं, तो खिसाच आम्हाला नडला. पण हे आपलं उगाच. नडलं ते दुसरंच.

आता ह्यांच्या कामातली एक खोड सांगायला हवी. गोलच्या दोन खांबांच्या मधली जमीन कधी नीट राहत नाही. गोलरक्षक दिवसभर तिथेच नाचतो, बुटांच्या खिळ्यांनी माती उकरतो, मग तिथे खळगा पडतो, गवत येत नाही, पाणी साठतं. ओल्या खळग्यात फक्की टाकली की ती चिखलात विरते. हे लोक काय करतात, फक्कीची गाडी खांबापासून निघाली की खळग्यापाशी जरा मागे वळवतात, जाळीच्या बाजूला, कोरड्या जमिनीवरून, आणि पुढच्या खांबापाशी पुन्हा जागेवर आणतात. रेघ मधे पोट सुटल्यासारखी मागे जाते. ह्यांच्या आधीचा माळी असंच करायचा, त्यानेच ह्यांना शिकवलं. बाकी सगळं मैदान दोरी लावून आखायचे, तेवढाच तुकडा नजरेने. कोणाचं कधी बिघडलं नव्हतं. चेंडू एक तर जाळीत जातो नाही तर बाहेर. त्या एवढ्याशा जागेत थांबायला त्याला कुठे वेळ असतो?

त्या दिवशी थांबला. बरोबरीत सामना संपत आलेला, कोपऱ्यातून किक. दादा आपल्या जागी, कोपऱ्यातल्या झेंड्याच्या मागे, गोलरेषेच्या थेट सरळीत. तिथून बघायची त्याची रीत मला पाठ आहे, इतक्या वेळा त्याने ऐकवली आहे. जवळच्या खांबाआड लांबचा खांब लपला पाहिजे. दोन्ही मिळून एकच दिसला की समजायचं आपण बरोबर उभे आहोत. मग चेंडू त्या खांबाच्या पलीकडे सगळा दिसला, मधे उजेड दिसला, की गोल. चेंडू आडव्या दांड्याला आतून लागला, खाली आपटला आणि गोलरक्षकाने झडप घालून बाहेर ओढला. दादाला उजेड दिसला. त्याने झेंड्याने खूण केली, मुख्य पंचाने शिट्टी वाजवली, आणि माझ्या चहात भुकटी पडली.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. जाळीमागून काढलेला, अगदी जवळून. चेंडू जमिनीवर, गोलरक्षकाचा पंजा त्याच्यावर, आणि चेंडूखाली ढळढळीत पांढरी रेघ. खांब फोटोच्या बाहेर. ज्याच्या त्याच्या फोनवर तोच फोटो. शाळकरी पोरालाही कळत होतं की चेंडू रेघेवर आहे, गोल नाही, आणि कप चुकीच्या संघाला गेला. दुकानाच्या मालकापासून पानपट्टीवाल्यापर्यंत सगळे एका दिवसात लाइनमन झाले. हरलेल्या संघाने तक्रार केली आणि सेक्रेटरींनी चौकशी लावली.

दादा घाबरला नव्हता. सामना संपल्यावर, सगळे कप घेऊन नाचत असताना, तो गोलच्या तोंडाशी जाऊन रेघ बघून आला होता. चौकशीच्या खोलीत तो सरळ म्हणाला, "चेंडू खांबांच्या पूर्ण पलीकडे होता. रेघ मधे वाकडी मारली आहे. खांबाला खांब धरून दोरी लावा, तुम्हालाच दिसेल." माझ्या नवऱ्याचं नाव त्याने घेतलं नाही. पण रेघ काय आपोआप उगवते का?

सगळे उठून मैदानावर आले. सेक्रेटरी, दोन्ही संघांची माणसं, टेप, दोरी. मी आमच्या दारात जाळी मांडीवर घेऊन बसले होते. दोरी ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणली. रेघ दोरीच्या खाली बरोब्बर. केसाचाही फरक नाही. पांढरी, ताजी, टवटवीत.

सेक्रेटरींनी ह्यांना विचारलं, "सामन्यानंतर पुन्हा आखलं का?"

"नाही साहेब," हे म्हणाले. "तशीच आहे."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी मी पाणी भरायला उठले तेव्हा हे गोलपाशी होते. खराट्याने जमीन खरवडत होते, वर ओली माती टाकून चोपत होते, आणि फक्कीची गाडी शेजारीच उभी होती. मी ओरडून विचारलं होतं, "आज कुठे सामना आहे?" तर म्हणाले, "असंच, जरा नीटनेटकं करतोय." मला वाटलं, भल्या माणसाला कामाची हौस आहे.

दादा त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे फक्कीच्या गाडीचं चाक बघत होते, जसं काही त्या चाकात आज पहिल्यांदाच काही नवल दिसलं होतं.

मी जाळी टाकून तरातरा तिथे गेले. माझा स्वभाव तोंडात येईल ते बोलायचा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "आज सकाळी ह्यांनी ही रेघ पुसून नवी मारली. मी ह्या डोळ्यांनी बघितलं." मग सेक्रेटरी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही भावाची बाजू घेणारच. बहीण आहात." आणि आमचे हे मान खाली घालून म्हणाले, "तिला मैदानातलं काही कळत नाही साहेब. मी पाणी मारत होतो."

हरलेल्या संघाचा एक जण मोठ्याने हसला. म्हणाला, "आधी नुसता आंधळा होता, आता खोटारडाही निघाला." दादाने ते ऐकलं. फाटक्या शर्टाने, कानामागे चप्पल खाऊन हसणारा माणूस तो. त्या एका शब्दाने असा बसला, की खरंच तिथे गवतावर खाली बसला.

बिल्ला गेला. संघटनेने झेंडाही काढून घेतला, चुकीबद्दल नाही, म्हणे, खोटा आरोप केल्याबद्दल. दुकानात गिऱ्हाइकं मुद्दाम विचारायची, "काटे, हा बूट माझ्या पायात पूर्ण गेला की रेघेवरच आहे?" मालकाने थोडे दिवस ऐकलं आणि दादाला आतल्या गोदामात टाकलं, खोकी चढवायला-उतरवायला. वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

घरी मी ह्यांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही. हे ऐकून घेत राहिले आणि शेवटी एकच बोलले, "रेघ वाकडी निघाली असती तर पहिल्यांदा माझी नोकरी गेली असती, तिच्याबरोबर ही खोली. मग तू कुठे राहिली असतीस? दादाच्या दोन खोल्यांत? त्याचा बिल्ला गेला. आपलं छप्पर गेलं असतं." मला सगळ्यात जास्त संताप याचा आला, की ते खरं होतं. मी रागाने उठले आणि कपाटापाशी वाकायचं विसरले. त्या छतावर डोकं आपटून घेतलं. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याच छतावर.

दादा आमच्याकडे येईनासा झाला. आधी सामन्याच्या दिवशी हमखास यायचा, दारातूनच "जावईबापू, चहा टाकायला सांगा तुमच्या मालकिणीला" अशी हाक मारायचा. आता मीच कधी रस्त्यात दिसले तर थांबायचा, "बरी आहेस ना?" विचारायचा आणि निघून जायचा. ह्यांचं नावही काढायचा नाही. ह्यांनी मात्र तेव्हापासून दोरी लावल्याशिवाय गोलची रेघ मारली नाही. खळग्यात आधी कोरडी माती भरायची, चोपायची, मग रेघ. लोक म्हणायचे, काय सुरेख आखतो माळी. ते ऐकलं की मी जाळी उचलून आत जायचे.

असे बरेच महिने गेले. मग एका संध्याकाळी दारात हाक आली, "जावईबापू!" हातातली सुई तशीच ठेवून मी धावले. दादा उभा होता आणि त्याच्या नाकावर चष्मा होता. जाड काळ्या काड्यांचा. आत आला, नेहमीसारखा ओट्यापाशी टेकला आणि म्हणाला, "डोळे गेले माझे, जावईबापू. परवा तपासले. डॉक्टर म्हणाला, फार आधीपासून कमी झाले असणार. त्या दिवशी मलाच नीट दिसलं नसेल. मी सेक्रेटरींनाही जाऊन सांगितलं, चूक माझीच."

हे एकदम मोकळे झाले. इतके दिवस छातीवर धोंडा ठेवलेला माणूस असावा तसा श्वास सोडला आणि स्वतः उठून चहा टाकायला लागले. "वयाने होतंच दादा, त्यात काय! माझंही लांबचं जरा धूसर झालंय." दोघे हसले. मी नाही हसले. मला दादाचा राग आला. शर्ट फाटला तरी झेंडा खाली न घेणारा माझा भाऊ असा सहज खाली घेतो? मी म्हणाले, "इतकं सोपं होतं तर आधीच तपासायचे होते." तो म्हणाला, "ठमे, साखर जरा जास्त घाल."

गावाचा सूरही बदलला. खोटारड्याला लोक सोडत नाहीत, पण डोळे गेलेल्याला सोडतात. मालकाने त्याला गोदामातून अधूनमधून पुढे बसवायला सुरुवात केली. सेक्रेटरी रस्त्यात दिसले तर खांद्यावर हात ठेवायला लागले. वहिनी पुन्हा बोलायला लागली, मोजकं, पण बोलायला लागली. सगळं कसं छान मिटलं होतं.

पुढच्या मोसमाच्या अंतिम सामन्याआधी गोलच्या जाळ्या शिवायला आल्या होत्या. दादा आला होता, चष्मा काढून तोंड धूत होता. हे दाराबाहेरच फक्कीची गाडी धूत होते. माझा जवळचा चष्मा कुठे ठेवला ते सापडेना आणि सुईत दोरा काही जाईना. म्हटलं, दादाचा लावून बघू, काही तरी फरक पडेल. लावला. सुईचं भोक होतं तेवढंच धूसर. काढला, तेवढंच. पुन्हा लावला. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, दाराबाहेरचा गोलचा खांब बघितला. लावून, काढून, लावून. काहीच बदलत नव्हतं.

"दादा, यात नंबरच नाही!" मी ओरडले. "ही साधी काच आहे!"

"हळू बोल," तो म्हणाला. तोंडावरचं पाणी तसंच होतं.

"तू आंधळ्याचं सोंग घेतलंस? इतके महिने?"

त्याने माझ्या हातातून चष्मा घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला. हळूच म्हणाला, "खोटारड्याला बहिणीच्या घरी येता येत नाही, ठमे. माझं खरं धरायचं म्हणजे जावईबापूंना रोज खोटं ठरवायचं. मग तू कोणाच्या घरात बसणार? आंधळा झालो की सगळ्यांची सोय झाली. तुझ्याकडे चहा मिळतो, मालक पुढे बसवतो, तुझ्या वहिनीला बाजारात मान खाली घालावी लागत नाही. आणि हा जड पण नाही, बघ. नंबर नाही ना."

मला रडू आलं. राग इतका होता की रडताना दात आवळले गेले. दाराबाहेर पाण्याचा आवाज थांबला होता. हे गाडीचा दांडा धरून उभे होते, हातात ओलं फडकं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आले नाहीत. दादाने चष्मा लावला, "निघतो जावईबापू" म्हणाला आणि त्यांच्या बाजूने गेला.

अंतिम सामन्याच्या सकाळी हे मैदान आखायला लागले. मी दारातून बघत होते. बाहेरच्या रेघा दोरीने, चौकटी दोरीने, मधलं वर्तुळ खुंटीला दोरी बांधून. मग गोलच्या तोंडाशी आले आणि दोरी काढून ठेवली. गाडी खांबापासून निघाली, खळग्यापाशी आली आणि मागे वळली. पोट सुटलेली रेघ. पुढचा खांब आला. ह्यांनी गाडी उभी केली आणि तिथेच उभे राहिले.

संघ यायला लागले होते. सेक्रेटरी धावतच आले. "हे काय? डोकं ठिकाणावर आहे का? मधे केवढी वाकडी मारलीय!"

"अशीच होती साहेब," हे म्हणाले. "गेल्या वर्षी. त्या गोलच्या दिवशी. काटे बोलले ते खरं होतं. चौकशीच्या दिवशी सकाळी पुसून मी सरळ मारली. माझी बायको बोलली ते पण खरं होतं. मी खोटं बोललो." एका दमात सगळं बोलले. मी जागची हलले नाही. वर्षभरात पहिल्यांदा मला तो माणूस माझा नवरा वाटला.

सेक्रेटरींनी आजूबाजूला बघितलं. जवळ कोणी नव्हतं. घड्याळ बघितलं. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी दादाच्या खांद्यावर ठेवायचे तसाच. "अहो, मिटलं ना ते सगळं? काटे स्वतः येऊन म्हणाले की डोळे कमी झालेत. कप जिंकलेल्यांनी केव्हाच कपाटात ठेवला. काट्यांचं वय गेलं, आता बिल्ला देता येतो का? उगाच जुनं उकरून तुमची नोकरी कशाला घालवता? पाहुणे येतायत. रेघ सरळ करा आधी."

हे उभेच होते. सेक्रेटरी जाता जाता मागे वळून ओरडले, "लवकर!"

ह्यांनी खराटा घेतला आणि रेघ पुसली. मग दोरी लावली आणि सरळ मारली. छप्पर घालवायला तयार झालेल्या माणसाचं छप्पर कोणी घ्यायलाच तयार नव्हतं.

मी तशीच चपला अडकवून दुकानात गेले. सामन्याचा दिवस, म्हणून मालक मैदानावर गेले होते आणि दादा गोदामात शिडीवर खोकी लावत होता. नाकावर चष्मा, तोंडावर धूळ. मी खालूनच सगळं सांगितलं. ह्यांनी काय केलं, काय बोलले, सेक्रेटरी काय म्हणाले. दादा खोकं हातात धरून ऐकत राहिला. मला वाटलं, आता रागावेल, रडेल, निदान शिवी तरी घालेल.

त्याने विचारलं, "कितपत वळवली होती त्यांनी?"

मी दोन्ही हात धरून दाखवलं.

"मधे? बरोबर मधे? जाळीच्या बाजूला?"

"हो. तू सांगितलं होतंस तशीच."

तो शिडीवरून खाली उतरला. शेवटच्या पायरीवर बसला आणि चष्मा काढला. त्याचे डोळे भरून आले होते. "म्हणजे मला बरोबर दिसलं होतं," तो म्हणाला.

"असं काय बोलतोस दादा? तू स्वतः जाऊन रेघ बघून आला होतास ना?"

"आलो होतो. पण इतके महिने जो तो डोळ्यांचंच विचारतो. मीही रोज तेच सांगतो. हल्ली रात्री पडल्या पडल्या तो चेंडू बघायला लागलो की मधला उजेड दिसायचाच नाही. मला वाटायला लागलं होतं, की नसेलच तो. मीच ठरवून घेतला असेल."

त्याने ते मला असं सांगितलं, जसं कोणी आपल्या आजाराचं सांगतं. सेक्रेटरींना दोष देऊ, ह्यांना देऊ, फोटोवाल्याला देऊ, का मलाच? त्याच्याजवळचं एकच जे कोणाच्या बापाला काढून घेता आलं नसतं, ते त्याने आमच्या चहासाठी स्वतःच थोडं थोडं करून दिलं होतं.

मी म्हणाले, "आता तरी फेकून दे तो चष्मा."

पुढच्या दालनातून कोणी तरी हाक मारली, "अहो, कोणी आहे का? बूट दाखवा!" दादाने बाहीने डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा लावला.

"आता काढला तर मालक विचारतील, डोळे एकदम बरे कसे झाले," तो म्हणाला. "परत सगळ्यांना सांगत बसायचं. कोणाला हवंय ते?"

मी पडद्याच्या फटीतून बघत राहिले. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं होतं. दादा बुटक्या स्टुलावर बसला, त्याचा पाय हातात घेतला, टाच बसवली आणि अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं. लांब मैदानावरून ओरडा ऐकू आला, बहुतेक गोल झाला असावा. दादाने मान वर केली नाही. "चालून बघा," तो म्हणाला.